तोंडाआधी हात बोलतो: ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी मुलांना गणित शिकवायला जाताना

"किती?" असं विचारलं की पाच वर्षांचं मूल पुष्कळदा गप्प बसतं. अशा वेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहू नका, हाताकडे बघा. मांडीवरच्या हाताची तीन बोटं हळूच उघडून मिटलेली असतात. उत्तर देऊन झालेलं असतं, आपलंच लक्ष नसतं.

शिक्षणाची पदवी घेऊन ऑस्ट्रेलियात बालवर्गावर रुजू होणारी मराठी माणसं मला अधूनमधून भेटतात. कुणाला नॉर्दर्न टेरिटरीत, कुणाला क्वीन्सलंडच्या उत्तरेला नेमणूक मिळते आणि वर्गात ॲबोरिजिनल किंवा टॉरस सामुद्रधुनीतल्या बेटांवरची, म्हणजे मूलनिवासी समाजांतली, मुलं असतात. पहिल्या महिन्यातला प्रश्न बहुतेक एकच असतो: "मुलं बोलतच नाहीत, मग त्यांना गणित येतं की नाही हे कळणार कसं?" चार ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

वर्गात पाऊल टाकण्याआधी

सगळ्यात आधी एक समजूत मनातून काढून टाका. "मूलनिवासी मुलं हातांनीच शिकतात, शब्द त्यांना जमत नाहीत" हे वाक्य तुम्हाला शिक्षकांच्या खोलीत ऐकू येईल. ते चूक आहे आणि मुलांचं नुकसान करणारं आहे. हातवारे जगातलं प्रत्येक मूल करतं. जन्मांध माणसंही बोलताना हात हलवतात. फरक असतो तो मुलाच्या भोवती हातांची कोणती भाषा रुळलेली आहे, यात.

१७८८ साली इंग्रजांची वसाहत सुरू झाली, तेव्हा या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. आज तुमच्या वर्गातलं मूल वार्लपिरी किंवा अरेर्न्टे बोलणारं असेल, क्रिओल ही इंग्रजीतून घडलेली मिश्र भाषा बोलणारं असेल, ॲबोरिजिनल इंग्रजी बोलणारं असेल किंवा चारचौघांसारखी शहरी इंग्रजी बोलणारं असेल. बहुसंख्य मूलनिवासी लोक शहरांत आणि मोठ्या गावांत राहतात, हेही ध्यानात असू द्या. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते एका समाजाचं दुसऱ्यावर लादू नका. शाळा कुणाच्या भूमीवर उभी आहे आणि घरी कोणती भाषा बोलतात, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

मध्य ऑस्ट्रेलियात हाताच्या खुणांची परंपरा फार समृद्ध आहे. वार्लपिरी समाजात नवरा वारल्यावर स्त्रिया दीर्घ काळ बोलणं वर्ज्य करतात आणि त्या काळात सगळा व्यवहार खुणांच्या भाषेत चालतो. ही खुणांची भाषा तुटपुंजी नाही, तिच्यात पूर्ण संभाषण होतं. ॲडम केंडन या अभ्यासकाने १९८८ साली या भाषांवर मोठा ग्रंथ लिहिला. अन्मातियेर भाषेत हातांच्या खुणांना 'इल्टियेम-इल्टियेम' म्हणतात. त्याच भागातल्या स्त्रिया वाळू सपाट करून, तिच्यावर बोटाने रेघा ओढत, मधेच खुणा करत, मधेच गात मुलांना गोष्टी सांगतात. अशा आजीच्या मांडीजवळ वाढलेलं मूल तुमच्या वर्गात येतं, तेव्हा हात, जागा आणि रेघ यांतून अर्थ वाचण्याचा त्याचा सराव तुमच्यापेक्षा जास्त असतो.

पहिले दोन आठवडे: फक्त बघा

वर्गात एक लहान वही ठेवा. रोज दोनच मुलं निवडा आणि चार गोष्टी टिपा: हाताचा आकार कसा होता, हात कुठल्या दिशेला गेला, कोणत्या वस्तूवर किंवा जागेवर थांबला, आणि बोलण्याच्या आधी हलला की नंतर. ही चौथी नोंद नवीन माणसाच्या हातून हमखास सुटते आणि पुढे तीच सर्वात उपयोगी पडते.

नुसती बोटंच बघू नका. अरेर्न्टे लोकांत दाखवण्याचे कितीतरी प्रकार आहेत: एका बोटाने, पसरलेल्या पंजाने, ओठ पुढे काढूनसुद्धा. कोणता प्रकार कधी वापरायचा याचे संकेत ठरलेले आहेत. डेव्हिड विल्किन्स या भाषाशास्त्रज्ञाने यावर लिहिलं आहे. एखादं मूल दोन ढिगांपैकी मोठा ढीग ओठांनी दाखवेल आणि तुम्ही "हिने उत्तरच दिलं नाही" असं लिहून मोकळे व्हाल.

तुमच्या वर्गात स्थानिक समाजातल्या मदतनीस शिक्षिका असतील तर नशीबवान आहात. त्यांना वर्ग शांत ठेवायच्या कामाला लावू नका. मधल्या सुट्टीत वही पुढे ठेवा आणि विचारा, "हा हात असा फिरला, याचा अर्थ काय?" मुलाच्या हाताचा अर्थ आपण एकट्याने ठरवायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

व्हिडिओ काढायचा मोह होईल. शाळेचे नियम आणि कुटुंबाची स्पष्ट संमती असल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका. अनेक समाजांत वारलेल्या माणसाचं चित्र किंवा नाव समोर आणणं टाळतात. चित्रीकरणात कोण कोण दिसतंय याची काळजी म्हणूनच घ्यायची.

आणि कान. मध्यकर्णाचा संसर्ग ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी मुलांमध्ये फार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्यामुळे ऐकू येणं कमीजास्त होत राहतं. इंग्रजीतले 'थर्टीन' आणि 'थर्टी' हे शब्द अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलाला सारखेच वाटतात. म्हणून उजेड तुमच्या तोंडावर आणि हातांवर पडेल असे उभे राहा, फळ्याकडे तोंड करून संख्या बोलू नका, आणि गप्प राहणाऱ्या मुलाची श्रवणतपासणी झाली आहे का, हे आरोग्यसेविकेकडून समजून घ्या.

मोजताना हात अडवू नका

सुरुवातीच्या काळात मी एका मुलाला "बोट न लावता मोज बघू" असं म्हटलं होतं. मला वाटलं, तो पुढच्या टप्प्यावर जाईल. त्याने दोन्ही हात मेजाखाली घेतले आणि त्या तासाला पुन्हा वर काढले नाहीत. ते हात आजही डोळ्यांसमोर आहेत.

बोट लावून मोजणं हा कच्चेपणा नाही. कोणती वस्तू मोजून झाली आणि कोणती राहिली हे बोट सांगतं, शिवाय 'एक शब्द, एक वस्तू' ही जोडीही बोटच जुळवून देतं. मार्था अलीबाली आणि अलिसा डिरुसो यांनी १९९९ साली लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. मुलांनी स्वतः बोट लावलं तेव्हा मोजणी नेमकी झाली. बाहुलीने त्यांच्या वतीने बोट लावलं तेव्हाही मोजणी सुधारली, पण शब्द आणि वस्तू यांचा ताळमेळ जास्त चुकला. थोडक्यात, मुलाचं काम तुमच्या बोटाने करू नका.

त्याहून रंजक गोष्ट बोटांनी संख्या दाखवण्याची. 'तीन' या शब्दाचा अर्थ अजून पक्का न झालेली मुलंसुद्धा तीन वस्तूंसाठी बोटं दाखवताना शब्दापेक्षा कमी चुकतात, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. म्हणून "किती?" च्या जोडीला "हाताने दाखव" हे रोज म्हणा, सगळ्या वर्गाला एकदम म्हणा. एकट्या मुलाला उभं करून विचारू नका. चारचौघांत एकटं पुढे ओढलं जाण्याला ॲबोरिजिनल इंग्रजीत 'शेम' म्हणतात आणि ती भावना आपल्या 'लाज' या शब्दापेक्षा खोल असते. डोळ्याला डोळा भिडवून उत्तराची वाट बघणंही अनेक मुलांना जड जातं. शेजारी बसा, दोघांची नजर खड्यांवर असू द्या.

संख्येचे शब्द कमी, म्हणून संख्या कमी?

इथे जरा थांबते, कारण बरेच गैरसमज इथून निघतात. वार्लपिरीत परंपरेने मोजणीचे शब्द थोडे: जिंता म्हणजे एक, जिर्रामा म्हणजे दोन, पानू म्हणजे पुष्कळ. यावरून "या मुलांना मोठी संख्या कळणार नाही" असा निष्कर्ष काही जण काढत आले. ब्रायन बटरवर्थ, रॉबर्ट रीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. वार्लपिरी आणि अनिंदिलियाक्वा भाषा बोलणाऱ्या चार ते सात वर्षांच्या मुलांना आणि मेलबर्नमधल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना त्यांनी सारखीच कामं दिली. चटईवर सोंगट्या मांडायच्या, झाकायच्या, मग मुलाने आपल्या चटईवर तेवढ्याच मांडायच्या. काठ्यांचे ठोके ऐकून तितक्या सोंगट्या ठेवायच्या. झाकलेल्या सोंगट्यांत आणखी सरकवून एकूण किती झाल्या ते मांडून दाखवायचं. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मूलनिवासी भाषा बोलणारी मुलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मागे नव्हती. पुढच्या लेखनात या संशोधकांनी दाखवलं की मूलनिवासी मुलांपैकी अनेकांनी सोंगट्यांच्या जागा लक्षात ठेवून तोच आकार पुन्हा उभा केला होता.

शिवाय सगळीकडे शब्द थोडे असतात असंही नाही. नॉर्दर्न टेरिटरीतल्या आर्नहेम लँड या भागातल्या योल्ङु लोकांत पाचाच्या गटाला 'रुलू' म्हणतात आणि कासवाची अंडी रुलूंमध्ये मोजतात. पलीकडे पापुआ न्यू गिनीत ऑक्सापमिन लोक एका हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात करून मनगट, कोपर, खांदा, कान, डोळा, नाक असं करत दुसऱ्या हाताच्या करंगळीपर्यंत जातात. एकूण २७ जागा, आणि नाक म्हणजे १४. आपणही वजाबाकीत 'हातचा' घेतोच की. शब्द जिथून आला ती जागा आपण विसरलो आहोत, इतकंच.

वर्गात हे असं करा. दोन लहान चटया, दहाबारा खडे, एक फडकं. तुम्ही चार खडे मांडा, मुलाला पाहू द्या, झाका, त्याला मांडू द्या. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पहिले काही दिवस नुसतं हेच. मूल खडे ठेवताना आधी हवेत हात कुठे फिरवतं ते टिपा. पुष्कळ मुलं रिकाम्या चटईवर जागा 'बघून' घेतात आणि मगच खडा ठेवतात. ते दिसायला लागलं की मग संख्येचा शब्द हलकेच जोडा, मुलाच्या घरच्या भाषेतला आधी, इंग्रजी नंतर.

हात एक सांगतो, तोंड दुसरं

शिकवण्याच्या दृष्टीने सर्वात मोलाचा क्षण हाच. सारख्याच संख्येच्या खड्यांच्या दोन ओळी मांडा, मग एक ओळ पसरवा. सहा वर्षांची मुलगी म्हणते, "यात जास्त आहेत, ही लांब आहे." पण म्हणताना तिचं बोट एका ओळीतल्या खड्याकडून दुसऱ्या ओळीतल्या खड्याकडे, मग पुढच्या जोडीकडे जातं. तोंड लांबीबद्दल बोलतंय, बोट जोड्या लावतंय. शिकागोत सुझन गोल्डिन-मेडो आणि ब्रेकिंरिज चर्च यांनी १९८६ साली असल्या विसंगतीवर पहिला महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं की ज्या मुलांचं तोंड आणि हात वेगवेगळं सांगत होते, ती मुलं शिकवल्यावर इतरांपेक्षा जास्त पुढे गेली. मूल उंबरठ्यावर उभं आहे, असं ही विसंगती सांगते.

अशा वेळी "चूक" म्हणू नका आणि "बरोबर" असंही घाईने म्हणू नका. तिने बोटाने जे केलं तेच तुम्ही तुमच्या बोटाने करा, सावकाश, आणि त्याला शब्द द्या: "हा याच्याबरोबर, हा याच्याबरोबर... कुणी एकटा राहिला का?" इतकंच. मुलीचाच विचार तिला परत मिळतो, शब्दांसकट.

मोठ्या मुलांवरचा एक प्रयोगही सांगण्यासारखा आहे. ४ + ५ + ३ = __ + ३ अशा गणितात मुलं सगळ्या संख्या मिळवून टाकतात. २००९ सालच्या एका प्रयोगात काही मुलांना ४ आणि ५ यांच्याखाली दोन बोटं ठेवून मग रिकाम्या जागेकडे बोट दाखवायला शिकवलं. 'दोन संख्यांचा गट करा' हे शब्दांत कुणीही सांगितलं नव्हतं. तरी त्या मुलांना धड्यातून जास्त लाभ झाला आणि गट करण्याची कल्पना पुढे त्यांच्या बोलण्यात आली.

वाढत जाणारे आकृतिबंध: इथे वेळ द्या

क्वीन्सलंडमध्ये जोडी मिलर या संशोधिकेने मूलनिवासी लहान मुलं वाढत्या आकृतिबंधांशी, म्हणजे दरवेळी ठरावीक नियमाने वाढत जाणाऱ्या मांडणीशी, कशी झटतात याचा बारकाईने अभ्यास केला आहे. तिच्या कामातून मी एक गोष्ट उचलली: हातवारा हा गणिती विचाराचा पुरावा म्हणून वाचायचा. बेरीज-वजाबाकी पक्की होईपर्यंत या मुलांना आकृतिबंध द्यायचेच नाहीत, ही शाळांची सवय मला पटत नाही. सामान्य नियमापर्यंत पोचण्याची भूक सात वर्षांच्या मुलात असते.

मी देते तो खेळ असा. पहिल्या चित्रात मधोमध एक खडा आणि दोन्ही बाजूंना एकेक शिंपला. दुसऱ्यात मधला खडा एकच, दोन्ही बाजूंना दोन-दोन शिंपले. तिसऱ्यात तीन-तीन. प्रत्येक चित्राखाली क्रमांकाची चिठ्ठी ठेवायला विसरू नका. चिठ्ठी नसेल तर मुलाला 'दरवेळी दोन वाढतात' एवढंच दिसतं आणि क्रमांकाशी नातं कधीच दिसत नाही.

चौथं चित्र मुलं मांडतात. मग उडी मारा: "दहावं कसं असेल?" खडे मांडू देऊ नका, सांगू द्या. आता हात बघा. एक बोट मधे टेकतं, मग दोन्ही पंजे एकाच वेळी बाजूंना जातात. मूल म्हणतं, "इकडे तेवढे, तिकडे तेवढे, हा एकटा." 'दहा' हा शब्द कदाचित येणारही नाही, पण रचना हातात आलेली आहे. मग विचारा, "शंभरावं?" मूल उठून उभं राहतं आणि हात फाकवून भिंतीपर्यंत दाखवतं. मधलं बोट मात्र एकच. २०१ हे उत्तर त्याला आज येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. दुप्पट अधिक एक हा नियम त्याच्या अंगात आहे. लुइस रॅडफर्ड हे गणितशिक्षणाचे अभ्यासक अशाच क्षणांबद्दल लिहितात: खुणा, लय आणि शब्द एकत्र येतात तेव्हा सामान्य नियम मुलाला 'दिसतो'.

यानंतर लगेच कागद देऊ नका. दुसऱ्या मुलाला पहिल्याचा हातवारा करून दाखवायला सांगा, मग वाळूत रेघा, मग चित्र, आणि अगदी शेवटी अंक. वाळूवर काम करताना एक पथ्य पाळा: समाजाच्या पारंपरिक चित्रखुणा ठरावीक कुटुंबांच्या मालकीच्या असतात. त्या आपण होऊन वापरू नका, तुमचे खडे-शिंपले पुरेसे आहेत.

दिशेचं भान

क्वीन्सलंडच्या उत्तरेकडच्या केप यॉर्क द्वीपकल्पावर होपव्हेल या गावी गूगू यिमिथिर ही भाषा बोलतात. 'कांगारू' हा शब्द जगाला तिनेच दिला. तिथे डावं-उजवं म्हणण्याऐवजी पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण यांवर सगळा व्यवहार चालतो. तिथल्या एका वृद्धाने होडी उलटल्याची गोष्ट १९८० साली पश्चिमेकडे तोंड करून सांगितली आणि १९८२ साली उत्तरेकडे तोंड करून. दोन्ही वेळा होडी उलटल्याचा हातवारा प्रत्यक्षातल्या दिशेलाच झाला. अंगाच्या हिशेबाने बघितलं तर तो पार बदलला होता. त्याच द्वीपकल्पावरच्या पोर्मपुराव गावातल्या कूक ताऽयोर भाषा बोलणाऱ्यांनी काळाच्या क्रमाने चित्रं लावताना ती पूर्वेकडून पश्चिमेकडे लावली, मग बसण्याची दिशा कोणतीही असो.

आता विचार करा, अशा घरातलं मूल तुमच्या भिंतीवरच्या संख्यारेषेकडे पाहतंय. त्याचा हात "पुढची संख्या" म्हणताना तुमच्या अपेक्षेच्या उलट जाऊ शकतो. तिथे ते चुकलेलं नसून वर्गच फिरलेला असतो. म्हणून संख्यारेषा आधी अंगणात जमिनीवर आखा, मुलांना तिच्यावरून चालू द्या, आणि आत आणताना तीच दिशा ठेवा. नकाशे भिंतीवर न टांगता जमिनीवर, उत्तर उत्तरेला ठेवून पसरा. शहरातल्या मुलांना याची गरज पडेलच असं नाही, बघूनच ठरवा.

तुमचे स्वतःचे हात

आपण बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजतो. समोरच्या मुलाला त्यातून संख्या दिसत नाही, नुसता हलणारा अंगठा दिसतो. वर्गात पूर्ण बोटं उघडून मोजा. आपली मान डोलावणंही तपासा: आपल्या "हो, हो" च्या डुलण्याचा अर्थ अनेकांना "नाही" असा लागतो, आणि बरोबर उत्तर दिलेलं मूल ते उत्तर बदलून टाकतं. बोलताना उगाच हात हलवू नका. ज्या वर्गात हात वाचले जातात, तिथे तुमचा प्रत्येक हातवारा काहीतरी सांगतो.

नोंदी आणि घरची मंडळी

तिसरीत गेल्यावर मुलांना देशपातळीवरची नॅपलॅन चाचणी द्यावी लागते आणि तिथे हातवाऱ्याला गुण नाहीत. म्हणून हातापासून अंकापर्यंतचा प्रवास दोन वर्षांत घडवायचाच आहे, त्यातून सुटका नाही. पण तोपर्यंतच्या प्रगतिपत्रकात "संख्या सांगत नाही" असं लिहू नका. "झाकलेल्या सहा खड्यांची रचना बिनचूक मांडली, दहाव्या चित्राची रचना हातांनी दाखवली, शब्दांत अजून नाही" असं लिहा. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला नेमकं कुठून सुरुवात करायची ते कळतं.

आणि घरचे भेटायला आले, आजी आली, मावशी आली, तर वही वाचून दाखवू नका. चटई अंथरा, खडे-शिंपले काढा, मुलाला बोलवा आणि तुम्ही जरा मागे सरकून बसा.